चारशे कागदांचे एकच नाव

यवतमाळच्या कचेरीसमोर मी वीस वर्षे अर्ज लिहिले. शाळा नववीपुढे झाली नाही. परंतु माझ्या हातचा अर्ज त्रुटीसाठी परत आला, असे सहसा घडले नाही, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. ही कीर्ती ऐकूनच कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कंपनीच्या मालकांनी मला कागदपत्रांच्या कामावर बोलावले.

ती वर्षे कापसाला वाईट होती. जिनिंग जेमतेम दोन महिने चाले आणि थंडावे. सरकारी तपासणीची पथके मात्र बारमाही येत, आणि प्रत्येकाला निराळा कागद हवा असे. कंपनीचे कारखाने वणी, घाटंजी आणि पांढरकवड्याला, तर मुख्य कचेरी यवतमाळला. एका परवान्याच्या प्रतीसाठी वणीहून जीप धावे. अखेर मालकांनी चारही ठिकाणचे संगणक फोनच्या तारेने जोडायचे ठरवले. एका ठिकाणी ठेवलेला कागद चारही ठिकाणी दिसावा, या व्यवस्थेला इंट्रानेट म्हणतात, हे मला तेव्हा कळले.

ती उभारायला केळापूरकडच्या एक तरुण इंजिनिअर बाई आल्या. मी त्यांना मॅडम म्हणे. त्या मला काका म्हणत. साहेब म्हटले असते तर बरे वाटले असते.

"काका, कागदाचं नाव लहान ठेवा," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "कोणाचा, कशाचा, कोणत्या वर्षाचा. बस. शोधणाऱ्याला तेवढंच पाहिजे असते."

"मॅडम, संबोधनाशिवाय मी आजवर एक कागद पुढे सरकवला नाही."

"हा अर्ज नाही ना काका. नुसतं नाव आहे."

दुसऱ्या दिवशी त्या घाटंजीचे संगणक जोडायला गेल्या. नावे देण्याचा आणि बदलण्याचा अधिकार मी मालकांकडून एकट्यासाठी मागून घेतला होता. चार माणसांनी हात लावला की मजकूर बिघडतो, असे माझे मत होते. कागद यंत्रावर ठेवायचा, त्याचे छायाचित्र संगणकात उतरायचे, आणि मग मी नाव द्यायचो: 'मा. व्यवस्थापकीय संचालक साहेब यांचे सेवेशी सविनय सादर'. बाईंनी नावासाठी ठेवलेली जागा एवढ्यातच संपे. शेवटी फक्त क्रमांक मावे. अर्जांचे क्रमांक मला नेहमीच तोंडपाठ असत, म्हणून वेगळी यादी केली नाही. पंधरा दिवसांत चारशे कागद चढवले. मूळ कागदांचे गठ्ठे बांधून गोदामात रवाना केले आणि मालकांची शाबासकी घेतली.

मग एके दिवशी दुपारी अडीचला वणीच्या कारखान्याचा हिशेब पाहणाऱ्या मुनीमजींचा फोन आला. तिथल्या जुन्या फिटरचाचांना कोळसा खाणीच्या वर्कशॉपात जागा मिळत होती. जिनिंग बंद पडण्याच्या बेतात होते, आणि त्या वयात तशी संधी पुन्हा येणार नव्हती. सगळे कागद झाले होते. राहिला होता तो अनुभवाचा दाखला. मालकांनी सही केलेला तो दाखला मी स्वतः चढवला होता. त्या दिवशी मुदत संपत होती; पाच वाजता खाणीच्या कचेरीची अर्ज घेण्याची खिडकी बंद होणार होती, तीही कायमची.

"दोनशे बारा उघडा," मी ठामपणे सांगितले.

फोनच्या तारेवरून एक कागद उघडायला दोन-तीन मिनिटे लागत. दोनशे बारा म्हणजे वजनकाट्याचे प्रमाणपत्र निघाले. दोनशे एकवीस म्हणजे आगीच्या बंबाची पावती.

"अहो, इथं समदेच सेवेशी उभे हायेत!" मुनीमजी ओरडले. "मी कोणाले पुढं बोलावू?"

फिटरचाचांनी फोन हातात घेतला. "बाबूजी, काहून नाही सापडून राह्यला? मले पाचच्या आत पोचाचं हाय."

"एक मिनिट, चाचा." असे मी किती वेळा म्हणालो, ते आठवत नाही.

नव्या दाखल्यावर सही घ्यावी तर मालक नागपुरात, गोदामात गठ्ठे एकावर एक, आणि कागद हाती लागला तरी वणी तीन तासांवर. मी घाटंजीला बाईंना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत. "काका, मी शेवटून उघडत येते, तुम्ही सुरुवातीपासून उघडा," एवढेच बोलल्या. मी खुर्चीत बसू शकत नव्हतो. उभ्यानेच एकेक कागद उघडत होतो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. पाचला वीस मिनिटे असताना बाईंना दाखला सापडला. वणीत तो छापला गेला, चाचा मोटरसायकलवरून निघाले, आणि नंतर फोन आलाच नाही. सहा वाजले, सात वाजले. मुनीमजीही फोन उचलीनात.

सकाळच्या पहिल्या एसटीने मी वणी गाठले. चाचा कारखान्यात आपली अवजारे पेटीत भरत होते.

"खिडकी लागली होती," ते म्हणाले. "दहा मिनिटं उशीर झाला. शिपायाले लय विनवलं."

मी सांगितले, की कागद हरवला नव्हता, मशीनही बिघडले नव्हते. नावे मीच तशी दिली होती.

त्यांनी पाना पुसून पेटीत ठेवला. "बाबूजी, त्याच्यावर माह्यं नाव टाकलं असतं, तं मीच शोधलं असतं. मले वाचता येते."

मी तिथल्याच संगणकासमोर बसलो, बाईंना फोन केला आणि नाव बदलण्याचा अधिकार चारही ठिकाणांना द्यायला सांगितले. "सगळ्यांना?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. मग त्या दाखल्याला चाचांचे नाव, फिटर आणि वर्ष एवढेच लिहिले. चाचांना आदिलाबादकडच्या जिनिंगांत काम विचारायला जायचे होते. त्यांनी दोन प्रती मागून घेतल्या, त्या पेटीत सर्वांत वर ठेवल्या, आणि दुपारच्या गाडीने ते गेले.

मी परतीची गाडी सोडून दिली. पडद्यावर अजून तीनशे नव्याण्णव कागद होते, आणि त्यांतला कोणता कोणाला आजच लागणार आहे, हे मला ठाऊक नव्हते.