क्लिफर्ड पिअरवर आईला आलेला वास

मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. कोणी भुताखेतांचा विषय काढला की मी उठून चहा टाकायला जाते... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते माझ्यासमोर, भर दिवसा.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझा भाऊ सुधीर जहाजावर इंजिनियर, तेव्हा सिंगापूरला यिशुनमध्ये राहायचा. आई, मी आणि मावसबहीण कुंदा, तिघी डोंबिवलीहून पहिल्यांदाच परदेशी आलो होतो. पहिल्या दिवशी सकाळी एमआरटीतून, म्हणजे तिथल्या लोकलमधून, उतरलो आणि कुंदाचा कॅमेरा जो सुरू झाला... मर्लायनचा तो अर्धा सिंह-अर्धा मासा पुतळा, नदी, होड्या, मान मोडेल अशा उंच इमारती – तासाभरात अर्धा रोल संपला!

आई मात्र नुसती आमच्या मागून चालत होती. सहा वर्षांपूर्वी एका तापानंतर तिला वास येणंच बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आशा ठेवू नका. फोडणी करपली तरी कळायचं नाही. जेवायची ती नावापुरतं. त्यात तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेही जहाजावरच होते; याच बंदरात जहाज उभं असताना हार्ट अ‍ॅटॅक आला. घरी आली ती बंद पेटी. आईला शेवटचं दर्शनही झालं नाही.

अकराच्या सुमारास सुधीरने आम्हाला बंदराच्या धक्क्यावर, क्लिफर्ड पिअरवर नेलं. जहाजावरची माणसं लाँचने इथेच उतरतात, असं तो कुंदाला सांगत होता. पायऱ्यांपाशी आई थबकली.

"सुधीर, ह्यांचा वास येतोय."

आम्हाला वाटलं, ऊन लागलं. बसवायला गेलो तर तिने हात सोडवून घेतला. डिझेल, घाम, आणि डोकं दुखलं की बाबा कपाळाला चोळायचे ते हिरवं तेल... एकेक सांगत होती. मी खोल श्वास घेऊन पाहिला. नुसता खारा वारा. पायऱ्यांवर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आई पाचेक मिनिटं डोळे मिटून उभी राहिली. रडली नाही. मग अगदी हळू म्हणाली,

"बरं. या आता तुम्ही."

आणि त्यानंतर तिला सगळेच वास यायला लागले! सुधीरचा विश्वास बसेना. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या त्या गर्दीत, त्याने तिच्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि एकेक वस्तू नाकाशी धरली. कॉफी, आलं, अननस, गवती चहा – सगळं अचूक. ड्युरियन हे तिथलं उग्र वासाचं फळ धरल्यावर मात्र तिने नाक दाबलं आणि हे मेलं काय नासलंय म्हणून विचारलं. स्टॉलवरची चिनी बाई हसून म्हणाली, "ड्युरियन लाह, आंटी." आम्ही हसून हसून बेजार. आईने माशाची करी आणि भात दोनदा मागून घेतला. सहा वर्षांत तिला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं.

चारच्या सुमारास चायनाटाउनमध्ये एका देवळापाशी उदबत्त्यांचा धूर दाटला होता. आई म्हणाली, गेला वास. इतक्या शांतपणे, की आम्हीच रडवेले झालो.

परत आल्यावर डॉक्टरांनी तपासलं. मधे काही तास वास आला, हे शक्यच नाही म्हणाले. तो पुन्हा कधी आलाही नाही. आई मात्र तेव्हापासून पोटभर जेवायला लागली. विचारलं तर एवढंच म्हणायची, "भेटून गेले ते."

बाबांचा वास म्हणजे आठवण, असं मी स्वतःला समजावू शकते. पण डोळे बांधलेल्या आईने गवती चहा कसा ओळखला... ते मला आजही सांगता येत नाही.