न वाळलेली मरिया

राहात्याच्या आमच्या घरात भिंतीवर इटलीतल्या एका जुन्या चित्राची छापील प्रत होती. मांडीवर बाळ येशू घेऊन बसलेली मरिया. आई रोज तिच्यापुढे मेणबत्ती लावायची. वाळवीने ती प्रत खाल्ली, तेव्हा मी फुशारकीने म्हणालो, "तैलरंगात नवी करून देतो." शाळेत जन्मभर ड्रॉइंग शिकवलं, पण सगळं जलरंगात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मोबाईलवर चित्र मोठं करून बघत शिकू लागलो. रंगात जवसाचं तेल घालतात हे ऐकून आई हरखली. तिचा आजार तेव्हा नुकताच कळला होता, डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. तरी स्वतः घाण्यावर जाऊन बाटली भरून घेऊन आली. "दुकानातलं कशाला? आपलं चोख असतंय."

मरियेचा चेहरा काही केल्या जमेना. नाक सुजलेलं, डोळे वटारलेले, ओठांवरची सावली म्हणजे थेट मिशी. जलरंगाच्या सवयीने उजेडासाठी कॅनव्हास कोरा सोडायचो, तर तिथे भोकं पडल्यासारखी दिसायची. बाळाचं एक पाऊल तेवढं साधलं. पण चित्र वाळेचना. आठवडे गेले, वर मळणीची धूळ बसली. चौकशी केली तेव्हा कळलं, घाण्यात जवसाच्या आधी शेंगदाणे गाळले होते. ते तेल मिसळलं की रंग वाळत नाही. आईला हे कोणत्या तोंडाने सांगणार?

तिने अंथरूण धरलं. रोज विचारायची, "वाळलं का रं?" एक दिवस मी "वाळलं" म्हणालो, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता. चित्र तिच्यापुढे धरलं. चर्चमध्ये मूर्तीचे पाय शिवून बोटं ओठांना लावायची तिची जन्माची सवय, आणि मला मूर्खाला ती आठवू नये! तिने बाळाचं पाऊल शिवलं. ते पुसलं गेलं. बोटं ओठांपर्यंत नेली आणि थबकली. वास घेतला.

"माझंच तेल हाय न्हवं हे? त्याच्यापायी वाळंना व्हय?"

"नाही गं, हवा दमट आहे," मी म्हणालो.

तिने बोटं पदराला पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा चित्राचं नाव काढलं नाही. त्याच आठवड्यात गेली.

लोक म्हणतात, आईसाठी एवढं केलंस, ती भरून पावली असेल. मला तिची पाठ दिसते.