बिनफवारणीचा वाफा

कांद्याची पात चुरगळल्याचा वास आला की मला संगमनेरकडचं ते रान आठवतं. नॅनो कीटकनाशक, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, थोडंसंच लागणारं औषध. त्याच्या चाचणीसाठी मी कंपनीकडून दर आठवड्याला तिथे जायचो. पातीच्या बेचक्यात भिंग धरून फुलकिडे मोजायचे आणि वहीत लिहायचे, एवढंच काम. मोजणी झाली की शेताच्या मालकीणबाई बांधावर गरम भाकरी आणि ठेचा घेऊन यायच्या. सगळं गाव त्यांना मामी म्हणायचं, मग मीही. तसा सुखाचा घास पुढे फारसा मिळाला नाही.

एका वाफ्यावर काहीच फवारायचं नाही, अशी अट होती. त्याच्याशी ताडून पाहिल्यावरच औषधाचा गुण कळणार. नेमका तो वाफा रस्त्याकडेला. पात पांढरी पडत गेली, तसे जाणारे-येणारे गाडी थांबवून विचारायचे, "काय मामी, ह्यो वाफा सवतीचा का?"

"व्हय, सवतीचाच. नेतो का तुझ्या घरी नांदवाया?"

मामी हसायच्या, पण तिकडे बघायच्या नाहीत.

पाचव्या आठवड्यात त्या वाफ्याला नवी पात हिरवीगार फुटलेली. वर घरच्या दशपर्णी अर्काचा, कुजवलेल्या कडुनिंबाचा, उग्र वास. मामी मान खाली घालून म्हणाल्या, "एकाला वाढायचं आन् दुसऱ्याला उपाशी बसवायचं, न्हाई बगवलं. सायबाला सांगू नका, भाऊ."

मी मोजलं. फुलकिडे आमच्या औषधाच्या वाफ्याइतकेच कमी होते. खरं लिहिलं असतं तर चाचणी बाद झाली असती, आणि माझी हंगामी नोकरीही. मी त्या वाफ्यापुढे मागच्या आठवड्याचाच आकडा थोडा वाढवून लिहिला. अहवाल चांगला आला. मी कायम झालो.

मी आपल्याला सांभाळून घेतलं असं समजून मामी दर उन्हाळ्यात कांद्याची गोणी पाठवत राहिल्या. मी मुकाट्याने खात राहिलो.

यंदा गोणी यायच्या आधी मीच गेलो. पडवीत भाकरी खाता खाता सगळं सांगून टाकलं, खोट्या आकड्यासकट. शिव्या खायची तयारी होती.

भाकरी वाढायला निघालेला मामींचा हात थांबला. "म्हंजी, माझ्या अर्कानं कीड गेल्ती?"

"गेली होती."

"आन् मी त्या सालापास्नं अर्क केलाच न्हाई. म्हनलं, आपल्या येडेपनापायी तुमच्या पोटावर पाय आला असता."

मग त्यांनी माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली.