शब्द दिला तो बांबूच्या बेटाले

माझ्या नातीनं नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कंपनीतला एक पोरगा पसंत केला, तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते. आमच्या घरात शेवटचा शब्द माझा. शाळा चौथीत सुटली, पण आयुष्यभर हातमागावर बसलो आणि दिलेला शब्द कधी परत घेतला नाही. पोरगा चांगला वाटला. घर कुठं, असं विचारलं. तो हिंदीत काहीतरी बोलला. नातीनं मराठीत सांगितलं, "आबाजी, त्यायचं घर बेटावर आहे."

आमच्याकडे बेट म्हणजे बांबूचं. एकाच मुळातून दाटीनं बांबू उठतात ते. मागाच्या फणीला काड्या लागायच्या, तर माझा बाप अशाच बेटातला बांबू तोडून आणायचा. मला वाटलं, गडचिरोलीकडचं एखादं गाव असेल. सावलीचं, गार हवेचं. चारचौघांत हो म्हणून टाकलं. साक्षगंध झालं.

मग एके दिवशी नातीनं मोबाइलवर विमानाची तिकिटं दाखवली.

"विमान कशाले वं? गडचिरोलीले बस जाते."

"गडचिरोली काहून, आबाजी? अंदमानले चाललो आपण. समुद्रातलं बेट हाय थे."

चहा धोतरावर सांडला. अंबाझरी तलावाहून मोठं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं, अन् माझी पोर चारी बाजूंनी समुद्र असलेल्या जागी नांदणार!

"मी बांबूच्या बेटाले हो म्हटलं, पाण्यातल्या नाही," मी ओरडलो. "हा शब्द धरायचा नाही!"

"मामाजी, चारचौघांत म्हटलं तुमी," सून म्हणाली.

नात रडली नाही. नुसती म्हणाली, "पाहून तर या. मंग मोडा."

मी मोडायलाच गेलो.

बोटीतून उतरलो आणि पाण्याकडं पाहतच राहिलो. असला हिरवा-निळा रंग आमच्या रंगाऱ्याच्या हौदातही कधी उतरला नाही. तळची वाळू दिसत होती. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? पण पोराच्या घरामागं गेलो आणि हबकलो. समुद्रात मेलेली झाडं उभी, अन् पाण्यातून एका विहिरीची कड वर आलेली.

"वो हमारी बाड़ी थी, भैया," पोराची आजी म्हणाली.

तिच्या आज्याला इंग्रजांनी काळ्या पाण्यावर धाडलं होतं. सुटल्यावर तो परत गेलाच नाही, इथंच संसार मांडला. मग त्सुनामीची मोठी लाट आली त्या सकाळी ही बाई नातवाला पाठीशी बांधून टेकडीकडं पळाली. पाणी छातीपर्यंत आलं. ती बांबूंच्या दाटीत शिरली आणि हाताला आले ते बांबू कवटाळून उभी राहिली. घर गेलं, नारळ उपटले, वाडीची जमीन खचून समुद्राखाली गेली. बांबू वाकले, पण सुटले नाहीत.

पाठीवरचं ते लेकरू म्हणजे माझा होणारा नातजावई.

अशा जागी पोर देत नाही, हे ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात म्हातारी हसली.

"बांस छोड़ता कैसे? ये टापू ही बांस का है."

तिथली जुनी माणसं सांगतात, आधी नुसतं पाणी होतं. एक बांबू वाहत आला, तळाला अडकला, त्याला मुळं फुटली. मुळांनी वाळू धरली, वाळूवर पाखरं बसली अन् जमीन झाली. म्हणून आजही कोणी टेकडीवरचा बांबू तोडला, तर मुळाशी मूठभर वाळू टाकतो.

मी नातीकडे पाहिलं. ती हसू दाबून राहिली होती.

"तूच पढवलं का वं हिले?"

"तुमची शप्पत, आबाजी. म्याही आजच आयकलं."

पाण्यातलं असो की कुठलं, बेट बांबूचंच निघालं. माझ्यापाशी सबबच उरली नाही.

टेकडीवर गेलो. एका बांबूला दोन्ही हातांनी धरून हिसडा दिला. मूळ तसूभर हललं नाही. मग खाली वाकून मूठभर वाळू टाकली.

"लगन नागपुरातच होईन," मी नातीला म्हटलं. "अन् तू आधी पोहणं शिक."