दर दुसरा दरवाजा

आमच्या भावजींना गोदामात सगळे ‘पत्ताधीश’ म्हणतात, आणि भावजींना ते कौतुकच वाटतं. गोदामातली यंत्रं एकमेकांशी बोलतात ती भावजींनी जुळवलेल्या व्यवस्थेतून. चहाचा कप हातात आला की सुरू.

“माझ्या क्लस्टरमध्ये, म्हणजे या जोडलेल्या यंत्रांच्या जाळ्यात, यंत्राचा पत्ता विचारायचाच नाही. कामाचा नंबर सांगायचा. दरवाजे उघडणं म्हणजे सत्तर. जो प्रोग्राम आपलं सॉकेट उघडून ‘सत्तर माझ्याकडे’ अशी नोंद करेल, त्याच्याशी तुमची जोडणी होणार. तो कुठल्या यंत्रात बसलाय, ही उठाठेव तुम्ही करायची नाही.”

“सॉकेट म्हणजे काय हो?” मी विचारलं.

“प्रोग्रामचा कान आणि तोंड. राहू दे, तुला नाही झेपायचं.”

माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, तिथेच खिडकीशी बसते. ट्रक धक्क्याला लागला की ती बटण दाबते, निरोप सत्तरला जातो, समोरचं शटर वर जातं. तिची नोकरी अजून कच्ची होती. कायम करायची की घरी पाठवायचं, हे गोदामाच्या मोठ्या बाई शुक्रवारी ठरवणार होत्या.

नेमकी त्याच आठवड्यात शटरं रुसली. एक उघडायचं, पुढचं ढिम्म. स्क्रीनवर मात्र दर वेळी ‘मिळालं’, म्हणजे निरोप पोचला!

“ओ ताई,” एक ड्रायव्हर ओरडला, “उघडताय, का इथेच संसार थाटू?”

भावजी खिशात हात घालून आले. सगळ्यांसमोर म्हणाले, “बटण दाबायचं असतं, गोंजारायचं नसतं.”

“अहो, दाबतेय. ‘मिळालं’ असंही येतंय.”

“मग उघडलंय.”

“समोर बंद दिसतंय!”

“डोळे तपासून घे.”

घरी ताईनं ताट बाजूला सारलं. “मला काढतील हो.”

“काढणारच. मी तरी किती सांभाळून घेऊ?” हे कोण म्हणतंय, तर ज्याला स्वतःची छत्री आजवर सांभाळता आली नाही तो माणूस.

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या. भावजींनी आपण होऊन नोंदींची यादी मोठ्या पडद्यावर लावली. “व्यवस्था किती स्वच्छ आहे ते दाखवतोच. हे बघा, सत्तर नंबरावर नोंद एकच...”

पडद्यावर दोन ओळी होत्या.

“दुसरी कुणाची?” बाईंनी विचारलं.

भावजींनी घसा खाकरला. दुसरी त्यांच्याच टेबलावरच्या यंत्राची. चाचणीसाठी एक प्रोग्राम त्यांनी त्याच नंबरावर, सगळ्या क्लस्टरला दिसेल असा सुरू केला आणि बंद करायला विसरले. व्यवस्था बिचारी न्यायी. एक जोडणी दरवाज्यांना, पुढची भावजींच्या टेबलाला, अशा पाळ्या लावून बसली. तिथला प्रोग्राम गोड आवाजात ‘मिळालं’ म्हणायचा आणि काही करायचा नाही. अगदी मालकाच्या वळणावर गेलेला.

“म्हणजे दर दुसरा दरवाजा तुमच्या टेबलावर उघडत होता?”

“तांत्रिकदृष्ट्या व्यवस्था बरोबरच...”

“बंद करा ते.”

त्यांनी बंद केलं. ताईनं बटणं दाबली. सगळी शटरं ओळीनं खडखडत वर गेली.

“सोमवारपासून तुम्ही कायम,” बाई ताईला म्हणाल्या.

“बघितलंस?” भावजी लगेच पुढे. “जोर देऊन दाबलंस की होतं!”

संध्याकाळी घरी भावजींनी पाय पसरले. “पाणी आण गं!”

“मिळालं,” ताई म्हणाली, आणि बसून राहिली.