स्ट्रेटनरमध्ये राहिलेली बट

माझ्या आत्तेबहिणीला सगळ्या गिऱ्हाईक बायका मागे हळूबाई म्हणतात. तिच्या दोन खुर्च्यांच्या पार्लरमध्ये बसलं की दीड तासाची निश्चिंती. आधी केस बोटांनी चाचपणार, एक ओला केस ताणून तो परत जागेवर येतो का बघणार, मग पोलिसासारखी चौकशी. शेवटचा कलर कधी केला? घरी की बाहेर? ब्लीच मारलं होतं का? बायका वैतागतात, घड्याळाकडे बघतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा हिच्याच दारात उभ्या राहतात.

पूर्वी ती अशी नव्हती. तेविसाव्या वर्षी तिचा हात वाऱ्यासारखा चालायचा. तेव्हा आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो आणि ती एका मोठ्या पार्लरमध्ये कामाला होती. सहा खुर्च्या, भिंतभर आरसे, आणि एक मालकीण, जिच्या सँडलचा आवाज आला की मुली उगाचच पाठीचा कणा ताठ करायच्या. हिच्यावर मात्र मालकीणबाई खूश. कारण दुसरी एक डोकं करते तेवढ्यात ही दोन करून मोकळी.

त्या दिवशी दुपारी वकीलबाई आल्या. पन्नाशीच्या, उंच, बोलणं धारदार. वाक्य अर्धं राहिलं तरी समोरच्याचा जीव अर्धा व्हायचा. दोनच दिवसांपूर्वी मालकीणबाईंनी स्वतः त्यांचे केस ब्लीच करून त्यावर तांबूस कलर चढवला होता. आता त्यांना कुठल्याशा सत्काराला जायचं होतं.

“वीस मिनिटांत सरळ करून सोड,” मालकीणबाई हिला म्हणाल्या आणि आत गेल्या.

हिने केस धुतले, घाईघाईने ड्रायर फिरवला. वरून कोरडे लागले. मानेजवळचे आतले केस अजून दमट होते, ते तिने पाहिलं नाही. उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे मारायचा राहिला. स्ट्रेटनर शेजारच्या खुर्चीवरून उचलला. तो आधीच्या बाईच्या जाड, काळ्या, कधीही कलर न लागलेल्या केसांसाठी दोनशे तीस अंशांवर ठेवलेला होता. आकडा खाली आणायला एक सेकंद लागला असता.

मानेवरची बट तिने पट्ट्यांमध्ये धरली. चर्र असा आवाज झाला, वाफ निघाली. ओढता ओढता हाताला काहीतरी हलकं लागलं. तिने पाहिलं तर वीतभर केस स्ट्रेटनरमध्ये होते आणि डोक्याकडे आखूड, चिकट, जळका खुंट.

“मला वाटलं, माझं हृदय बंद पडलं,” ती मला नंतर म्हणाली. “कानात नुसता घूं घूं आवाज. आरशात बघायची हिंमत होईना.”

आरशात वकीलबाई फोनमध्ये बघत होत्या. “कसला वास येतोय गं?” मान वर न करता त्यांनी विचारलं.

“स्प्रेचा, मॅडम.”

खोटं तोंडातून निघून गेलं होतं. तिने ती बट मुठीत घेतली आणि ॲप्रनच्या खिशात सरकवली. मग आकडा दीडशेवर आणला, वरचे केस एकेकदाच हात फिरवत पूर्ण केले आणि खुंट झाकला जाईल असे मागे पसरले. कंगवा दोनदा हातातून पडला. उठताना वकीलबाई खुशीत होत्या. पर्स उघडून त्यांनी एक नवाकोरा डबा दाखवला. “मीपण घेतलाय हा स्ट्रेटनर. आता रोज सकाळी कोर्टात जायच्या आधी फिरवणार. एकदम फुल्लवर ठेवायचा ना?”

ही काहीतरी पुटपुटली. ते ‘हो’ होतं की ‘नाही’, हे तिला आजही सांगता येत नाही.

घरी आली ती न जेवताच भिंतीकडे तोंड करून पडली. मी खोदून विचारलं तेव्हा उशीखालून कागदाची पुडी काढून तिने माझ्या हातात दिली. उघडून पाहिलं, तर आत ती जळकी बट.

“कोर्टात खेचेल गं मला ती. वकीलच आहे.”

“केसांसाठी कोण कोर्टात जातं?” मी म्हणाले, पण माझाच आवाज मला पोकळ वाटला.

पुढचे दिवस वाईट गेले. पार्लरच्या दाराची घंटी वाजली की तिच्या हातातली वस्तू खाली पडायची. उंच बाई काचेबाहेरून गेली तरी ती आतल्या मोरीत जाऊन उभी राहायची. मुली हसायला लागल्या होत्या, “हिला काय भुताने झपाटलं काय?”

चौथ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, “ती आता या क्षणाला आरशासमोर उभी असेल. फुल्लवर ठेवून. चार दिवस झाले. माझं काय व्हायचं ते होवो, पण तिच्या डोक्यावर केस उरणार नाहीत.” तिचे ओठ पांढरे पडले होते. एकटीला पाठवायचा मला धीर झाला नाही. मीही निघाले.

वकीलबाईंचं ऑफिस एका जिन्याच्या वर होतं. फायलींचे गठ्ठे, दोन खुर्च्या, बंद खिडकी. त्यांच्या डोक्याला रुमाल बांधलेला. चेहरा त्या दुपारच्या बाईचा वाटतच नव्हता, चार दिवसांत ओघळलेला.

“अपॉइंटमेंट आहे?”

हिने पुडी टेबलावर ठेवून उघडली. “हे तुमचे केस आहेत, मॅडम. मी जाळले.”

मी दाराची कडी धरून उभी होते, पळायचं झालं तर. वकीलबाईंनी ती बट उचलली, खिडकीकडे धरली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “म्हणजे हे आजारामुळे नाही?”

आम्हाला काही कळेना. त्यांनी रुमाल सोडला. मागचे केस जागोजागी तुटून उंदराने कुरतडल्यासारखे झाले होते. “रोज सकाळी बेसिन भरतंय केसांनी. माझ्या आईचं दुखणं असंच सुरू झालं होतं. काल रक्त तपासायला देऊन आलेय. मुलीला अजून सांगितलं नाही.”

हिची भीती त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे. ती सरळ टेबलाला वळसा घालून त्यांच्या मागे गेली. खांद्यावर पडलेले केस वेचून तिने त्यांच्या तळहातावर ठेवले. “हे बघा. मुळातून गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो. यातल्या एकालाही नाही. हे सगळे मधूनच तुटलेत. ब्लीचने केस आधीच नाजूक झाले होते, त्यात मी ओल्या केसांवर जास्तीची उष्णता दिली, आणि नंतर तुम्ही रोज.”

वकीलबाईंनी एकेक केस डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग टेबलावर डोकं टेकवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते शांत झाल्यावर मान वर आली, तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज पुन्हा तोच, धारदार.

“चार दिवस! चार दिवस मी मरणाची तयारी करत होते आणि तू ही पुडी घेऊन बसली होतीस?”

“हो, मॅडम.”

“का?”

“घाबरले होते.”

“आणि मी?” त्या ओरडल्या. ती तशीच उभी राहिली, निघून गेली नाही.

मग वकीलबाई म्हणाल्या, “कात्री आहे?” होती. संध्याकाळी त्यांच्या घरी, खिडकीजवळच्या स्टुलावर, हिने त्यांचे केस कानांच्या खालपर्यंत कापले. दीड तास लागला. केस वाढून तुटका भाग निघून जाईपर्यंत स्ट्रेटनर बंद, असं बजावलं. पुढे वापरलाच तर केस ठणठणीत कोरडे, आधी स्प्रे, दीडशेच्या वर जायचं नाही, एका बटेवर एकदाच. वकीलबाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली तारीख टाकली.

त्यांनी हिला माफ केलं असं मला सांगता यायचं नाही. दुसऱ्याच दिवशी त्या पार्लरमध्ये जाऊन सगळं बोलल्या, आणि मालकीणबाईंनी हिला तिथल्या तिथे काढून टाकलं. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, एवढं मात्र त्यांनी फोन करून कळवलं. फोन अर्ध्या मिनिटात ठेवला.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे बसले होते. एक कॉलेजची मुलगी आली, कालच घरी ब्लीच केलेले पिवळेधमक केस घेऊन. मैत्रिणीकडे जायचंय, पटकन सरळ करून द्या म्हणाली. हिने एक केस ओला करून ताणला. तो चिंगमसारखा लांबत गेला. “आज नाही,” ही म्हणाली. “दोन वेण्या घालून देते.” मुलगी पाय आपटत निघून गेली.

ती गेल्यावर मी पाहिलं, माझी बहीण टॉवेलने दोन्ही तळहात पुसत होती. घामाने भिजले होते.