पहिल्या पसंतीची शाळा

ग्रुपवरच्या माझ्या माणसांनो, आधी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला धीर होईल. मी माझ्या मित्राची शाळा घेतली. जाणूनबुजून घेतली, आणि वर्षभर सगळ्यांना, त्यालाही, सांगत राहिलो की ती कॉम्प्युटरने दिली.

घर सोडलं त्या दिवशी मला आर्णीच्या स्टँडवर पोचवायला तोच आला होता. मिलिंद. आमची घरं गावाच्या दोन टोकांना, पण पहिलीपासून डी.एड.पर्यंत बाक एकच. शिक्षणसेवकांच्या भरतीत दोघांचीही नावं लागली. माझ्यापेक्षा त्याचे चार मार्क जास्त होते. त्याला आपलाच जिल्हा मिळाला, पांढरकवड्याकडच्या एका पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, शाळा. मला रत्नागिरी. आईने तिखटाचा डबा आणि तुरीच्या डाळीची थैली बांधून दिली होती. बाबा तिला म्हणाले, "रडू नोको. मास्तर होऊन चालला, मजूर होऊन नाही." मिलिंदने माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली, खाली उतरून खिडकीवर थाप मारली आणि म्हणाला, "जाय बाप्पा बिनघोर. घरची फिकर करू नोको. मी आहो ना."

तेव्हा त्या तीन शब्दांचा आधार वाटला होता. पुढे सतरा वर्षं तेच मला टोचत राहिले.

विदर्भातून कोकणात गेलेल्या माझ्यासारख्या मास्तरांना पुढचं सांगायला नको. लाल वाट, चिऱ्याच्या भिंती, दोन शिक्षकांची शाळा, आणि आपण तोंड उघडलं की हसणारी पोरं. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात म्हणालो, "पुस्तक मले दे." सगळा वर्ग खुदखुदला. मग मी 'मले' सोडलं, 'काहून' सोडलं. भाकरी सोडून भातावर आलो, पेजेवर आलो. वाडीवरच्या लोकांनी जीव लावला, हे नाकारलं तर पाप लागेल. गणपतीला माझ्यासाठी पाट मांडलेला असायचा. माझी मुलगी तिथेच जन्मली. तिला मासळीशिवाय जेवण जात नाही आणि आजीची बोली तिला अर्धी कळते. सुनंदा, माझी बायको, दिग्रसची. ती तिथल्या बायकांकडून आंबोळ्या शिकली आणि त्यांना झुणका शिकवून आली.

पण दर रविवारी घरी फोन केला की आई सांगायची, "मिलिंद आलता काल." कधी गॅसचं सिलिंडर आणून दिलेलं असायचं, कधी बाबांना डोळे तपासायला यवतमाळला नेलेलं असायचं. मी म्हणायचो, बरं झालं. आणि घाईने फोन ठेवायचो. एकदा बाबा हसत म्हणाले, "मिलिंद घरात असला की तुह्यी आठवणच येत नाही पाय." त्यांनी ते माझी काळजी मिटावी म्हणून म्हटलं असणार. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

त्यात त्याची शाळा. व्हॉट्सॲप आल्यापासून ती मला रोज दिसू लागली. पोडावरची पोरं घरी कोलामी बोलतात. पहिलीत आली की मास्तरांची मराठी त्यांना कळत नाही, म्हणून गप्प बसतात, आणि गप्प पोराला आपण 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो. मिलिंद आधी त्यांची भाषा शिकला. म्हाताऱ्यांजवळ बसून शब्द गोळा केले, पत्ते बनवले, एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला दोन्ही भाषांतला शब्द. पाणी, ईर. घर, एल्ला. एका व्हिडिओत पहिलीतली एक मुलगी गोष्ट वाचत होती, वाचता वाचता थांबून कोलामीत काहीतरी टोमणा मारत होती, आणि कॅमेऱ्यामागे मिलिंद पोट धरून हसत होता. आमच्या डी.एड.च्या ग्रुपवर सत्तर अंगठे पडले. मी अंगठा दिला नाही. माझी पोरं अस्खलित वाचत होती, शिष्यवृत्तीला बसत होती. पण वर्ग चालू असताना मला कधी पोट धरून हसू आलं नव्हतं.

बाबा गेले तेव्हा मी दोन बस आणि एक जीप बदलून तिसऱ्या दिवशी पोचलो. तोवर सगळं आटोपलं होतं. अग्नी दिला तो चुलतभावाने, पण लाकडापासून मंडपापर्यंत सगळं मिलिंदने केलं होतं. अंगणात आलेला प्रत्येक माणूस मला भेटून त्याच्याकडे जायचा आणि त्याच्याजवळ बसायचा. माझ्याच अंगणात मी पाहुणा. मी त्याचा हात हातात घेतला, आभार मानले, आणि मनात म्हणालो, तू माझ्या जागेवर बसला आहेस.

आंतरजिल्हा बदली झाली आणि सतराव्या वर्षी मी आपल्या जिल्ह्यात परतलो. शाळा मिळाली उमरखेडकडच्या टोकाला. दोन वर्षांतच छातीत दुखू लागलं आणि नागपूरला बायपास झाली. आठ दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर कोण बसलं होतं, हे सांगायला हवं का? शाळेच्या किरकोळ रजा संपवून बसला होता. शुद्धीवर आल्यावर मला दिसला तो त्याचा चेहरा. "काय कोकण्या," म्हणाला, "छातीत काय सापडलं म्हायती हाय का डॉक्टरले? सुरमई." टाके दुखेपर्यंत हसलो.

तर हे सगळं पोटात असताना मी ते केलं.

आमच्यातल्या न-मास्तरांसाठी थोडं समजावून सांगतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या आता पोर्टलवर होतात. शिक्षक मोबाइलवर ओटीपी टाकतो आणि शाळांचा पसंतीक्रम भरतो. मोठं ऑपरेशन झालेल्यांना पहिला मान असतो. एका शाळेत बरीच वर्षं झालेल्या शिक्षकांची 'बदलीपात्र' म्हणून यादी लागते. पहिला मान असलेल्याने त्यांच्यापैकी कुणाची जागा मागितली, तर त्याला उठावं लागतं. याला आम्ही 'खो देणं' म्हणतो. माझ्या ऑपरेशनच्या प्रमाणपत्रावर सिव्हिल सर्जनची सही घ्यायला यवतमाळच्या ऑफिसात दोन फेऱ्या कुणी मारल्या? मिलिंदने. मला जिने चढवत नव्हते. सही झाल्यावर कागद माझ्या हातात देत म्हणाला, "झालं तुह्यं काम. आता गावाजवळची शाळा माग अन् माईजवळ रहा."

गावाजवळच्या, आर्णी भागातल्या दोन शाळा यादीत रिकाम्या होत्या. एक तर इतकी जवळ, की मधल्या सुट्टीत घरी जाऊन जेवून येता आलं असतं. मी यादी खाली सरकवत गेलो आणि पांढरकवड्याच्या केळापूर तालुक्यात, त्याच्या पोडाच्या शाळेपुढे, त्याचं नाव दिसलं. बदलीपात्र. दुपारचे तीन वाजले असतील. सुनंदा दाण्यांची टरफलं काढत शेजारी बसली होती.

"हे पह्यल्या नंबरवर काहून टाकली?" तिने विचारलं. "मिलिंदभाऊंची शाळा व्हय ना हे?"

"टाकायला काय जातं," मी म्हणालो. "कॉम्प्युटर द्यायचं ते देईल."

"अन् कॉम्प्युटरनं हेच देली तं?"

मी ओटीपी टाकला.

मी स्वतःला कारण दिलं की शाळा नावाजलेली आहे, पांढरकवड्याचा दवाखाना हाताशी आहे. खरं कारण एकच होतं. एकदा तरी तो उठावा आणि मी बसावं.

आदेश आला. मिलिंदला मिळाली मी सोडलेलीच, उमरखेडकडची. बायकोमुलांना पांढरकवड्यात ठेवून तो एका खोलीवर राहायला गेला. चार्ज देताना त्याने सगळी दप्तरं ओळीने लावून ठेवली होती: हजेरी, पोषण आहार, पोरांचे आधार क्रमांक, माहिती भरायच्या ॲपचे पासवर्ड. शेवटी एक जाड वही दिली. वीस वर्षांचे कोलामी शब्द, त्याच्या बारीक अक्षरात. "हे ठेव. पहिलीच्या पोराईले याच्याबिगर तू कळणार नाहीस." मग, मान वर न करता, त्याने विचारलं, "आर्णीच्या शाळा खाली नव्हत्या काय गा?"

"नव्हत्या," मी म्हणालो.

"जाऊ दे मग. मशीनचं काम हाय. तुह्या काय दोष?"

आई मात्र बोलली. "इतक्या वर्षानं आला, अन् पुन्हा लांबच चालला." या वेळी तिने डाळ बांधून दिली नाही. मला वाटतं, घर मी खऱ्या अर्थाने सोडलं ते तेव्हा. पहिल्यांदा सरकारने पाठवलं होतं. दुसऱ्यांदा जळफळाटाने पाठवलं.

आणि ज्याच्यासाठी गेलो ते तिथे नव्हतंच. इमारत होती, पत्ते होते, भिंतीवरची चित्रं होती. पोरं माझ्याकडे पाहून गप्प बसायची. मी वहीतून शब्द वाचायचो, ते उच्चार ऐकून ती एकमेकांना कोपर मारायची. कोकणातल्या पहिल्या आठवड्यासारखंच. त्या व्हिडिओतली मुलगी, मंजू, आता चौथीत होती. ती रोज प्रार्थना झाली की विचारायची, "आमचे गुरुजी कवा येईन?" पहिल्या महिन्यात मी तिला म्हणायचो, "मी आहे ना." ते शब्द माझ्या तोंडून निघाले तेव्हा मला आर्णीचा स्टँड आठवला आणि मी खडू शोधायचं निमित्त करून आत गेलो.

काम तर तुम्हाला ठाऊक आहेच. सकाळी पोषण आहाराचा फोटो, दुपारी कुठलीतरी लिंक 'आजच, तातडीने', मतदार यादीचं काम, केंद्रावरची बैठक, आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. हे सगळं मिलिंद करतच होता, आणि उरलेल्या वेळात शिकवत होता. माझ्याकडे उरलेला वेळच सापडेना. मला त्याच्या शाळेचा हेवा वाटत आला होता. त्या शाळेमागचे वीस वर्षांचे दिवस मी कधी पाहिले नव्हते.

पोडाचे प्रमुख, नाईक, एके दिवशी ओट्यावर येऊन बसले. म्हातारा कमी बोलणारा. तंबाखू मळत म्हणाले, "मास्तर, एक इचारू? आमच्या गुरुजीले कोनं नेलं?"

"कुणी नाही, नाईक. बदल्या कॉम्प्युटर करतो."

"असं." त्यांनी तंबाखू झटकली. "आमच्या पोडावर एसटी येत नाही. तहसीलदाराले रस्ता पुसत पुसत या लागते. अन् कॉम्प्युटरले आमचं पोड बरं मालूम पडलं!"

त्यांचा संशय होता की नुसतीच थट्टा, हे मला आजही माहीत नाही. पण त्या दिवसानंतर 'कॉम्प्युटर' हा शब्द माझ्या तोंडून निघेना.

मागच्या महिन्यात एका शनिवारी मी रजा टाकली आणि उमरखेडची पहाटेची बस धरली. शनिवारची सकाळची शाळा सुटत आली होती. माझ्या जुन्या शाळेत मी दोन वर्षं राहिलो, पण भिंतीवर एक चित्र लावलं नव्हतं. आता व्हरांड्यात दोरीला पत्ते टांगलेले होते. पंगत उठली होती आणि मिलिंद मोबाइलवर पोषण आहाराची माहिती भरत उभा होता. केस पांढरे झाले होते. चष्म्यावरून पाहत म्हणाला, "काय कोकण्या! फोन तं करायचा. भाकर टाकायले सांगतली असती."

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा झाला असता, गप्पा झाल्या असत्या आणि परतीची बस आली असती.

"मिलिंद, आर्णीच्या दोन शाळा खाली होत्या," मी म्हणालो. "मी पाहिल्या होत्या. तरी तुझी पहिल्या नंबरवर टाकली. तुझं नाव वाचून टाकली."

पोरं आरडाओरडा करत फाटकाबाहेर गेली.

"सही आणायले मी गेलतो," तो हळू म्हणाला. "दोन डाव."

"हो."

"काहून गा? मले मागितली असती तं मी देली असती. इनंती करून दुसरीकडं गेलो असतो. तू मागितली काहून नाही?"

"तुझ्याकडे मागायचीच लाज वाटत होती. बाबा तुझे झाले, आई तुझी झाली..."

"झाले म्हंजे?" आता त्याचा आवाज चढला. "स्टँडवर तुले म्हन्लं होतं ना, मी आहो म्हणून? मी पाह्यलं. पोट्टा माह्या धाव्वीत हाय, मी शनिवार-इतवारचा बाप झालो. अन् तू मले सांगतं, माय-बाप तुह्ये झाले म्हणून!" तो खुर्चीवर बसला. "पोर्टल आता दोन-चार वर्षं उघडत नाही. घरी जाय, गजू. आज मले तुह्यासंगं बोलनं होत नाही."

त्याचं बरोबर होतं. मी पायऱ्या उतरलो, फाटकापर्यंत गेलो आणि लक्षात आलं की मी गुन्हा सांगितला होता, माफी मागितलीच नव्हती.

कोकणात राहिलेल्या आणि गावात उरलेल्या माझ्या माणसांनो, घर म्हणजे काय असं तुम्ही दर दिवाळीला ग्रुपवर विचारता. मला वाटायचं, घर आपली वाट पाहत जागच्या जागी थांबतं. माझं थांबलं होतं, कारण एक माणूस दर आठवड्याला तिथे जाऊन ते थांबवून ठेवत होता. मी त्या माणसालाच खो दिला आणि मग घर कुठे गेलं म्हणून पोडापोडाने शोधत बसलो.

मी परत वळलो. तो तसाच बसला होता, मोबाइल मांडीवर, आहाराचा फोटो अजून अपलोड होत होता. त्याच्यासमोर उभा राहिलो, आणि वीस वर्षांत माझ्या तोंडातून जी बोली गेली होती तिच्यातच बोललो, कारण पुस्तकी मराठीत ते मला म्हणता आलं नसतं.

"मिलिंद, मशीननं नाही केलं, म्याच केलं. तुह्या पोराचा बाप म्या लांब केला, पोडाचे गुरुजी म्या नेले. मले माफ कर. आज नोको करू, करावं वाटन तवा कर. पन म्या मागितली, एवढं ध्यानात ठेव."